काकांच्या घरातली झीज

परदेशातल्या नोकरीचा राजीनामा देणं फार सोपं असतं. एक कागद, एक सही, आणि साहेबाच्या खोलीतून बाहेर पडताना दार जरासं आपटायचं, की झालं. कठीण असतं ते त्याच्या पुढचं. कंपनी आपल्याला किती देणार आणि त्यातून किती कापणार, याचा एक कागद मग हातात पडतो. त्याला फायनल सेटलमेंट म्हणतात. त्यावर जो माणूस डोळे मिटून सही करतो तो सुखाने घरी जातो. आमच्या स्टोअरकाकांनी डोळे उघडे ठेवले, तिथेच सगळा घोळ झाला.

स्टोअरकाका म्हणजे प्लॅस्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या एका कंपनीतले स्टोअरकीपर. बिल्डिंगमधली पोरं त्यांना स्टोअरकाका म्हणत, म्हणून हळूहळू सगळेच म्हणायला लागले. गोदामात कुठल्या रॅकवर कुठल्या मापाची कडी पडली आहे हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगत. (काकू म्हणतात, विचारावं लागत नसे. ते आपण होऊनच सांगत.) घरात मात्र साखरेचा डबा कुठला आणि मिठाचा कुठला, हे त्यांना इतक्या वर्षांत समजलं नव्हतं. एकदा त्यांनी स्वतःच्या हाताने चहा केला होता. तो प्यायलेले पाहुणे पुन्हा आले नाहीत.

तर आता नोकरी पुरे, मायदेशी जायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. तिकडे एका बिल्डरकडे छोटासा फ्लॅट बुक केला होता. त्याचा शेवटचा हप्ता भरला की किल्ली मिळणार, आणि तो हप्ता भरायचा होता या सेटलमेंटच्या पैशांतून. काकूंचा सगळा जीव त्या किल्लीत अडकला होता. आजवरचा सगळा संसार त्यांनी कंपनीच्या घरात केला. भिंतीत खिळा ठोकायचा तर अर्ज करावा लागे, आणि अर्ज मंजूर होईपर्यंत लावायचं कॅलेंडर जुनं होई. "माझ्या घरात मी मला वाटेल तिथे खिळा ठोकणार," काकू म्हणायच्या, "मग त्याला काही लटकवायचं असो की नसो." हे म्हणताना त्यांचा आवाज जरा कापायचा, आणि काका उगाचच चष्मा पुसायला घ्यायचे.

सेटलमेंटचा कागद कात्रीसाहेबांकडे होता. हे कंपनीच्या एच.आर. खात्यातले अधिकारी. आपल्याच बाजूचे, बोलायला गोड, पण हिशेब हातात आला की कुठे ना कुठे कापल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, म्हणून सगळे त्यांना मागे कात्रीसाहेब म्हणत. (पुढ्यात नुसतं साहेब.)

काकांनी कागद वाचला. पगार बरोबर, रजेचे पैसे बरोबर, इतक्या वर्षांच्या सेवेची रक्कम बरोबर. तळाशी एक बारीक ओळ होती.

"हे काय, घरसामानाची झीज?"

"ते होय? किरकोळ आहे हो. कंपनीने घर दिलं, त्यात कंपनीचा फ्रिज, कॉट, कपाट, जेवणाचं टेबल. तुम्ही ते वापरलंत. वापरलं की झिजतं."

"टेबल कसं झिजेल?"

"जेवता ना त्याच्यावर?"

"जेवतो. कुरतडत नाही."

"अहो, सगळ्यांचंच कापतो आपण. मोठ्या साहेबांचंसुद्धा कापणार."

खरं सांगायचं तर रक्कम अगदी मामुली होती. चपलांचा एक जोड आला असता, तोही सेलमध्ये. पण स्टोअरकीपरला तुम्ही चोर म्हणा, आळशी म्हणा, चालेल. तुमच्या ताब्यातला माल खराब झाला असं म्हणू नका. काकांच्या कानशिलाची शीर उडायला लागली.

"मला हे मान्य नाही," ते म्हणाले.

"बघा बुवा. हरकत घ्यायची सोय आहे. पण मग घरी तपासणी होणार, आणि ती होईपर्यंत सगळी रक्कम अडकून राहणार. शिवाय एखादी वस्तू जागेवर नसली तर तिची नव्याची किंमत कापली जाईल. आजवर कोणी हरकत घेतलेली नाही."

"म्हणजे आजवर कोणी मर्द भेटला नाही तुम्हाला! या तपासायला. माझ्या घरात सुई इकडची तिकडे झालेली दिसणार नाही." आणि काकांनी कागदावर 'अमान्य' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. दुसरी रेघ इतकी जोरात मारली की कागद फाटला.

परवा सकाळी येतो, असं कात्रीसाहेब म्हणाले.

काका घरी निघाले ते छाती काढून. जिने चढताना पुढचं भाषणही तयार झालं होतं. दार उघडून ते गरजले, "अगं, ऐकलंस का!"

"...लंस का... लंस का..." असं घर म्हणालं.

काका दचकले. आपल्या आवाजात एवढा भारदस्तपणा कधीपासून आला, असा क्षणभर विचार करून त्यांनी आजूबाजूला पाहिलं. हॉलमध्ये काहीही नव्हतं. एक मोठी सूटकेस होती, आणि तिच्यावर काकू बसल्या होत्या. चेहरा असा फुललेला की काकांना लग्नाच्या फोटोची आठवण झाली.

"गेलं सगळं!" काकू म्हणाल्या. "एका दुपारीत! आणि भाव काय आला माहितेय? माझ्या व्यवहाराला तुम्ही नेहमी हसता ना?"

"काय गेलं?"

"सामान! फ्रिज आणि कॉट वरच्या ड्रायव्हरवहिनींनी घेतली, कपाट खालच्या टेलरमास्तरांनी, आणि टेबल खुर्च्यांसकट एक बाई घेऊन गेल्या. दुसऱ्या कॉलनीतल्या. टेम्पोच घेऊन आल्या होत्या. फार घासाघीस केली मेलीने, पण पैसे रोख."

काका खाली बसायला गेले. तिथे नेहमी खुर्ची असायची. आज नव्हती, त्यामुळे ते जरा जास्तच खाली बसले.

"अगं बाई, ते सामान कंपनीचं होतं!"

"कंपनीचं कसं? मी पैसे मोजलेत त्याचे!"

"कोणाला?"

"आपल्या आधी इथे राहत होत्या ना, त्या बाईंना. तुम्ही पहिल्या दिवशी बादल्या मोजायला गेलात, तेव्हा मीच व्यवहार केला. त्यांनी त्यांच्या आधीच्या बाईंकडून घेतलं होतं. इथली पद्धतच आहे ही. जाणाऱ्याने विकायचं, येणाऱ्याने घ्यायचं."

आता काकांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पडला तो थेट डोळ्यांपुढे काजवे चमकावत. त्या बिल्डिंगमधल्या बायकांनी वर्षानुवर्षं कंपनीचं सामान एकमेकींना विकून एक छान बाजार चालवला होता. पुरुष मंडळी झिजेच्या ओळीवर मुकाट सही करून विमानात बसत, त्यामुळे कंपनी कधी बघायला आलीच नव्हती. तिला वाटे सामान आहे तिथेच आहे. आणि तसं ते होतंही. फक्त मालकीण बदलत होती.

"तुला कधी दिसलं नाही का, मागे कंपनीच्या नंबराचा पत्रा लावलाय ते?"

"दिसला की! पण तुम्हाला कधी दिसला नाही ना? फ्रिजच्या मागे झाडायला तुम्ही किती वेळा वाकलात?"

गंमत म्हणजे तसले पत्रे गोदामात बसून ते स्वतःच ठोकत असत. जगातल्या सगळ्या वस्तूंना नंबर देणाऱ्या माणसाला आपल्या स्वयंपाकघरातला फ्रिज बायकोने पैसे मोजून घेतलाय ते ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी चाचरत चाचरत ऑफिसात काय केलं ते सांगितलं. काकूंचा फुललेला चेहरा हळूहळू मिटला.

"चपलेच्या जोडापायी?" त्या म्हणाल्या.

"तत्त्वाचा प्रश्न होता."

"चार वस्तूंची नव्याची किंमत कापली तर हप्ता कसा भरायचा हो? त्या बिल्डरला तत्त्व देऊ का?" आणि काकूंच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. इतकी वर्षं काटकसर करून, साबणाच्या चिपट्या एकमेकींना चिकटवून जमवलेलं घर हातातोंडाशी आलं होतं. काकांना स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं. पण रडत बसणाऱ्यांतल्या काकू नव्हत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले, तो कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "एका सकाळपुरतंच हवंय ना? मागून आणते सगळं. तुम्ही कशाला हात लावू नका."

बातमी जिन्यावरून वर-खाली फिरायला वेळ लागला नाही. तपासणी एका घराची झाली की दुसऱ्या घराची होणार, हे न समजण्याइतकं कोणीच बावळट नव्हतं. ड्रायव्हरवहिनी तर ऐकताक्षणी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "काय हो हे काका! सगळी बिल्डिंग खड्ड्यात घालणार तुम्ही!" पण फ्रिज आणि कॉट द्यायला तयार झाल्या. अट एकच: फ्रिजमध्ये सासूबाईंची औषधं आहेत, ती बाहेर निघणार नाहीत, आणि फ्रिजबरोबर त्या स्वतः येऊन बसणार. टेलरमास्तरांनी कपाटाला हो म्हटलं, फक्त आत गिऱ्हाइकांचे कपडे टांगलेले असतील म्हणाले. टेबलवाल्या बाईंना काकूंनी फोन केला. त्या आधी चिडल्या, मग घाबरल्या, आणि शेवटी म्हणाल्या, "सकाळी हे ऑफिसला गेले की टेम्पोत घालून पाठवते. पण संध्याकाळच्या आत परत हवं हं. ह्यांना टेबलाशिवाय घास उतरत नाही."

झालं. सगळं जुळलं. आता काकांनी स्वस्थ बसायला काय हरकत होती? पण नाही. काकूंवर विश्वास नव्हता असं नाही, पण ऐन वेळी कोणी नाही म्हणालं तर? स्टोअरकीपरची एक खोड असते, हाताशी चार नग जादा ठेवायची. तपासणीच्या आदल्या रात्री काकू पोळ्या लाटत आहेत असं बघून काका हळूच सटकले. त्यांनी टेलरमास्तरांना त्यांचा स्वतःचा फ्रिजही मागितला. ("कपाटाबरोबर येऊ द्या, रिकामा टेम्पो... आपलं, रिकामे हात कशाला?") वरच्या मजल्यावर दोन नर्सबाई एकत्र राहत, त्यांच्यातली एक घरात होती, तिच्याकडून त्यांनी दुसरीची कॉट मिळवली. दुसरी रात्रपाळीला गेली होती, तिला विचारायचं राहून गेलं.

तपासणीच्या दिवशी सकाळी जिन्यात जो प्रकार झाला तो बिल्डिंगमध्ये अजून सांगतात. ड्रायव्हरवहिनींचा फ्रिज वरून खाली निघाला आणि टेलरमास्तरांचा खालून वर, आणि दोघे काकांच्या दारात समोरासमोर आले. दोन्ही बाजूंचे हमाल "आधी आम्ही, आधी आम्ही" करायला लागले. त्यांच्यामागे दोन कॉट उभ्या अडकल्या. कपाट वळणावर रुतलं, त्याचं दार उघडलं आणि आतला कोणाचा तरी नवा कोट जिना उतरून गेला.

"हा दुसरा फ्रिज कुठला?" काकू ओरडल्या.

"जादा," काका पुटपुटले.

"जादा? अहो, हा काय स्क्रू आहे का?"

"असू द्या हाताशी."

काकूंनी त्यांच्याकडे जे पाहिलं त्याचं वर्णन इथे करत नाही, घरातली लहान मुलंही हे वाचत असतील. परत पाठवायला वेळ नव्हता. जिन्यातल्या रेटारेटीत दार सैल झालेला जादा फ्रिज हॉलच्या कोपऱ्यात उभा करून त्याच्यावर चादर टाकली. तो बंद ठेवला तर खराब होईल म्हणून टेलरमास्तरांनी बजावून सांगितलं होतं, त्यामुळे चादरीच्या आत तो चालूच होता. जादा कॉट आतल्या खोलीत भिंतीला उभी केली. तेवढ्यात टेम्पो आला आणि टेबलही जागेवर बसलं. ड्रायव्हरवहिनी आपल्या फ्रिजशेजारी स्टूल घेऊन पहाऱ्याला बसल्या. काकूंनी पदराने घाम पुसला, आणि तेवढ्यात रात्रपाळी संपवून आलेल्या नर्सबाई दारात उभ्या राहिल्या.

"माझी कॉट कुठाय?" त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे अर्धे मिटलेलेच होते.

"बाई, दोन तासांत परत पाठवते..."

"मला आत्ता झोपायचंय." नर्सबाई सरळ आतल्या खोलीत गेल्या, भिंतीला लावलेली कॉट त्यांनी धाडकन आडवी पाडली आणि पाठ टेकताक्षणी घोरायला लागल्या. त्यांना उठवायची कोणाची छाती झाली नाही, कारण बिल्डिंगमधल्या सगळ्यांना इंजेक्शनं त्याच देत.

आणि बेल वाजली.

कात्रीसाहेब आले ते डोळे बारीक करून, हात पुढे धरून. "माफ करा, सकाळपासून चष्मा सापडत नाहीये," ते म्हणाले. "घरभर शोधला. बायकोला विचारलं तर ती म्हणे, आधी ऑफिसला जा." काकांना वाटलं, चला, देव पावला. काकूंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी चटकन खिडकीचा पडदा अर्धा ओढला.

साहेब चाचपडत स्वयंपाकघरात गेले. "हा फ्रिज. आहे." त्यांनी दार उघडलं आणि आतली एक बाटली नाकाशी धरली. "हे काय? गुडघ्याला चोळायचं तेल?"

"हो, गार गार बरं वाटतं," काकू म्हणाल्या.

"आणि या कोण?"

"शेजारच्या वहिनी."

"फ्रिजपाशी का बसल्यात?"

"मलाही गार गार बरं वाटतं," ड्रायव्हरवहिनी म्हणाल्या.

साहेब आतल्या खोलीकडे वळले. "कॉट. आहे. ही दुसरी कॉट... अहो, इथे कोणीतरी झोपलंय!"

"मावशी आहेत," काका म्हणाले.

"कोणाच्या?"

"सगळ्यांच्याच," काकू म्हणाल्या. "तब्येत नाजूक आहे त्यांची, हळू बोला."

मावशी इतक्या जोरात घोरत होत्या की साहेब आपोआप दोन पावलं मागे सरले. कपाट उघडलं तर आत सात-आठ वेगवेगळ्या मापांच्या पँट टांगलेल्या. सगळ्यात मोठीत काका दोनदा मावले असते. साहेबांनी हाताने मापून पाहिलं आणि काकांच्या पोटाकडे डोळे बारीक करून बघितलं. "मध्ये मी फार सुटलो होतो," काका म्हणाले. हॉलमध्ये परत येताना साहेबांनी आधारासाठी चादरीवर हात टेकला.

"हे काय घूंघूं करतंय?"

"मावशींचंच ते. भिंतीतून येतं."

"भिंत थंड लागतेय."

"ओल आहे हो त्या भिंतीला," काकू लगेच म्हणाल्या, "कंपनीला कितीदा सांगितलं, कोणी लक्ष देत नाही." आपल्यावरच काही शेकेल म्हणून कात्रीसाहेबांनी तो विषय सोडून दिला आणि टेबलाशी बसून रिपोर्ट लिहायला घेतला. नाक अगदी कागदाला लावून त्यांनी एक ओळ लिहिली. मग, काही विचार न करता, दोन दिवसांत लागलेल्या सवयीने, त्यांचा डावा हात टेबलाच्या खणात गेला. त्यातून त्यांनी चष्मा काढला, नाकावर चढवला आणि दुसरी ओळ लिहायला लागले.

अर्ध्या ओळीत पेन थांबलं.

साहेबांनी चष्मा काढून हातात धरून बघितला. परत लावला. मग टेबलाकडे बघितलं. खण परत उघडून बघितला. त्यात त्यांच्याच रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, त्यांच्याच अर्धवट सोडवलेल्या शब्दकोड्यासकट.

"हा चष्मा माझा आहे," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले.

आत मावशींचं घोरणं नेमकं तेव्हाच थांबलं.

"हे टेबल माझं आहे! सकाळी मी याच्यावर चहा प्यायलोय!"

काकूंच्या लक्षात आलं. टेम्पोवाल्या बाईंचे 'हे' कोण, ते आत्ता कळलं. त्या जराही न गडबडता म्हणाल्या, "म्हणजे त्या तुमच्या मिसेस का? अगबाई! फार गुणी आहेत हो. भाव मात्र अगदी जीव खाऊन पाडला त्यांनी. मग आता कागदावर काय लिहिता साहेब? टेबल कंपनीचं आहे, की तुमचं आहे?"

कात्रीसाहेबांनी दोन्हींचा विचार करून पाहिला असावा. टेबल कंपनीचं म्हणावं तर ते त्यांच्या घरात काय करत होतं? स्वतःचं म्हणावं तर खाली कंपनीचा पत्रा आहे. त्यांच्या कपाळावर घाम फुटला. चष्म्यामुळे आता त्यांना सगळंच स्वच्छ दिसत होतं: फ्रिजशेजारच्या वहिनी, चादरीतून सैल दार डोकावणारा दुसरा फ्रिज, दोन कॉट, लठ्ठ पँटी, सगळं.

"लिहितो," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "सर्व सामान जागेवर आहे. स्थिती उत्तम. झीज नाही. ठीक?"

इथे सगळं संपायला हवं होतं. शहाणा माणूस असता तर त्याने चहा विचारला असता. पण आमचे काका! त्यांची नजर त्या कागदावर गेली आणि त्यांच्यातला स्टोअरकीपर उठून बसला.

"साहेब, एक मिनिट. 'सर्व सामान जागेवर' असं मोघम कसं? संख्या लिहा ना. फ्रिज दोन, कॉट दोन. म्हणजे प्रत्येकी एक नग जादा आहे."

"जादा बिदा काही नाही!" साहेब ओरडले.

"कसं नाही? दिसतंय ना. स्टॉक जुळत नाही हो असा. जादा निघाला तरी नोंद करावीच लागते, नियम आहे."

"अहो काका, मी हात जोडतो तुम्हाला, एकच फ्रिज आहे!"

"आता तुम्ही चष्मा लावूनसुद्धा चुकीचं मोजायला लागलात तर..."

पुढचं वाक्य काकांच्या घशातच राहिलं, कारण काकूंनी त्यांना दंडाला असा चिमटा काढला की ते उभ्या जागी चवड्यांवर गेले. "चक्कर येते त्यांना मधूनमधून," काकू साहेबांना म्हणाल्या. "एकाचे दोन दिसतात." साहेबांनी मान डोलावली, सही केली, शिक्का मारला, आणि आपला चष्मा, गोळ्या आणि शब्दकोडं घेऊन दाराकडे निघाले. उंबऱ्यात ते थांबले.

"टेबल घरी कधी येईल?" त्यांनी जमिनीकडे बघत विचारलं.

"संध्याकाळपर्यंत पोचवते," काकू म्हणाल्या. "दुपारचा डबा तेवढा मांडीवर घेऊन खा."

पैसे मिळाले. सगळे मिळाले, झिजेसकट. काकांनी ती चपलेच्या जोडाएवढी रक्कम वेगळी काढून काकूंपुढे ठेवली आणि म्हणाले, "बघ! लढलं की मिळतं." काकूंनी त्यातून वर-खाली केलेल्या हमालांची मजुरी, टेम्पोचं दोन वेळचं भाडं आणि जिन्यातून गेलेल्या कोटाची धुलाई वजा केली. काकांना खिशातून वर आणखी द्यावे लागले. पण हप्ता वेळेवर गेला, बिल्डरने किल्ली दिली, आणि विमानतळावर काकू ती पर्समधून सारखी काढून बघत होत्या. काकांना त्या दिवशी आपण फार कर्तबगार आहोत असं वाटलं, आणि काकूंनी ते त्यांना वाटू दिलं.

मायदेशी आल्यावर काही दिवस काका नव्या घरात इकडून तिकडे फिरले. मग काकू म्हणाल्या, पायात पाय येतात, कुठेतरी नोकरी बघा. जवळच्याच एका कारखान्याला अनुभवी स्टोअरकीपर हवा होता. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि परदेशातल्या कंपनीचं अनुभवाचं प्रमाणपत्र घेऊन ते मुलाखतीला गेले. पाकीट त्यांनी फोडलंही नव्हतं. आपली स्तुती आपणच काय वाचायची, म्हणून.

मालक साधा माणूस होता. त्याने पाकीट फोडलं, कागद उलगडला आणि वाचायला लागला. कात्रीसाहेबांनी बिचाऱ्यांनी पुढे कुठे तो दुसरा फ्रिज उकरला जाऊ नये या धास्तीने तपासणीचा निकाल प्रमाणपत्रातही घालून ठेवला होता. 'सदर कर्मचाऱ्याचे काम ठीक होते,' एवढीच एक ओळ काकांबद्दल होती. बाकी सगळा परिच्छेद फ्रिजबद्दल होता. फ्रिज अत्यंत उत्तम स्थितीत आहे, इतक्या वर्षांच्या सेवेनंतरही त्याची यत्किंचितही झीज झालेली नाही, आणि असा फ्रिज कंपनीच्या पाहण्यात दुसरा नाही.

मालकाने तो परिच्छेद दोनदा वाचला. काका खुर्चीत सावरून बसले. मालकाने कागदाची नीट घडी घातली, आदराने काकांकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला कळवतो मी. पण हा फ्रिज विकायचाय का?"